निरोप चालतो कसा, अडतो कुठे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मे महिन्याच्या दुपारी, सासबहू मंदिराबाहेरच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय पडला की पाठोपाठ तीन गोष्टी घडतात. पाय झटक्यात वर उचलला जातो. मग चर्रकन चटका कळतो. आणि साधारण सेकंदाभराने तळव्यातून मंद, रेंगाळणारी आग वर चढू लागते. दगड एकच, क्षण एकच. वेळा मात्र तीन, कारण तिन्ही निरोप वेगवेगळ्या वाटांनी गेलेले असतात. पाय उचलण्याचा निर्णय मेंदूपर्यंत जातच नाही. तळव्यातून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत पोचतो, तिथूनच मांडीच्या स्नायूंना आज्ञा सुटते आणि त्याच वेळी दुसरा पाय ताठ होऊन शरीराचा तोल सावरतो. चटक्याची जाणीव बारीक पण आवरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जाते. मागून येणारी आग ज्या तंतूंतून येते ते त्याहून बारीक आणि उघडे असतात. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. पायापासून मेरुरज्जूपर्यंतचे अंतरही साधारण तेवढेच, म्हणून तिचा उशीर सेकंदाचा.

हा वेग मोजता येईल असे १८५० पूर्वी फारसे कोणाला वाटत नव्हते. योहानेस म्युलर यांच्यासारखा त्या काळचा मोठा शरीरशास्त्रज्ञही चेतनेचा वेग मोजमापापलीकडचा मानत असे. त्यांचेच शिष्य हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा मज्जातंतू स्नायूपासून कमी-जास्त अंतरावर दोन ठिकाणी विजेने चाळवला, स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक मोजला आणि सेकंदाला सुमारे २७ मीटर हा आकडा काढला. भरधाव घोड्यापेक्षा थोडा जास्त, एवढेच. चारच वर्षांनी आग्र्याहून मुंबईला जाणारी तारेची लाइन ग्वाल्हेरवरून गेली, आणि मज्जातंतू म्हणजे शरीरातल्या तारा ही उपमा जगभर रूढ झाली. ती आजही शाळेच्या पुस्तकांत भेटते, पण दिशाभूल करते. तांब्याच्या तारेत विजेचा संदेश प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करतो. मज्जातंतूतला सर्वांत वेगवान निरोप सेकंदाला सुमारे १२० मीटर चालतो. तारेत संदेश अंतरागणिक क्षीण होतो. मज्जातंतूत तो कण्याजवळ जेवढा असतो तेवढाच अंगठ्याच्या टोकाशीही असतो. त्यापेक्षा मराठी दौलतीतली डाक जवळची. टप्प्याटप्प्यावर माणसे ठेवून डाक बसवली की थैली एकाकडून दुसऱ्याकडे जाई. प्रत्येक टप्प्यावर ताजा माणूस धावे, म्हणून शेवटच्या कोसालाही वेग तोच राही. मज्जातंतूतला निरोप असाच दर टप्प्यावर नव्याने घडवला जातो. मात्र टप्पे जितके जास्त, तितक्या तो अडवण्याच्या जागाही जास्त. या निरोपाबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे तो अडलेला पाहूनच कळले, आणि अडवणाऱ्यांची यादी विंचू, साप, डाळ, धोतरा ते कीटकनाशक अशी, बरीचशी आपल्या ओळखीचीच आहे.

निरोप वाहणारी पेशी म्हणजे चेतापेशी. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. प्रत्येकीला निरोप घेणाऱ्या फांद्या, म्हणजे वृक्षिका, आणि निरोप पुढे नेणारा एक लांब धागा, अक्षतंतू. कमरेतून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जाड असतो. बोटाएवढ्या, सेंटिमीटरभर जाडीच्या दोराशी तुलना केली तर तो दोर किलोमीटरभर लांब धरावा लागेल. अशा असंख्य धाग्यांची मोळी म्हणजे मज्जातंतू. प्रत्येक पेशी सुटी आहे आणि निरोप एका सुट्या पेशीकडून दुसरीकडे दिला जातो, हे स्पेनचे सांतियागो रामोन इ काखाल यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या रेखाटनांतून दाखवले. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि इटलीच्या कामिलो गोल्जी यांना विभागून मिळाले. गंमत अशी, की काखाल यांनी वापरलेली रंगवण्याची रीत गोल्जींची होती, आणि गोल्जींना मात्र अखेरपर्यंत सारे तंतू एकमेकांत मिसळलेले जाळेच दिसत राहिले.

निरोप नसतो तेव्हाही चेतापेशी स्वस्थ बसलेली नसते. तिच्या आत पोटॅशियमचे आयन भरलेले असतात, बाहेर सोडियमचे. हा भेद टिकवण्यासाठी पेशीच्या पटलातले पंप अखंड चालतात. दर फेऱ्याला ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली हा पंप ओळखला आणि त्याबद्दल त्यांना ४० वर्षांनी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण ऊर्जेच्या खर्चात २० टक्क्यांच्या आसपास. त्यातला मोठा हिस्सा हे पंप खातात. या साऱ्या खटाटोपातून पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. आकडा किरकोळ वाटतो. पण ज्या पटलाच्या दोन बाजूंना हा फरक आहे त्याची जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी, म्हणजे मीटरच्या हिशेबात तो एक कोटी व्होल्टहून अधिक भरतो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात.

या ताणलेल्या पटलात प्रथिनांची दारे असतात. पटलाचा ऋणभार थोडा उतरून ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला, की सोडियमची दारे फटाफट उघडतात. बाहेर ताटकळलेले सोडियमचे आयन आत घुसतात, आतली बाजू क्षणभर धन होते, आणि तेवढ्याने शेजारची दारे जागी होतात. ती उघडली की त्यापुढची. मागे सोडियमची दारे आपोआप अडसर घालून बंद होतात, पोटॅशियमची उघडतात, आणि एक-दोन हजारांश सेकंदात तो तुकडा पूर्ववत होतो. अडसर पडलेले दार काही काळ उघडत नाही, म्हणून लाट मागे फिरू शकत नाही. याला आवेग म्हणतात. त्याचा सारा हिशेब केंब्रिजचे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ साली समीकरणांत मांडला. त्यांना साथ दिली म्हाकुळ नावाच्या समुद्री जीवाने. त्याच्या अंगातला एक अक्षतंतू मिलिमीटरपर्यंत जाड असतो, त्यामुळे त्यात लांबीच्या दिशेने विद्युत्-अग्र सरकवता येते. कोकणात जे ताटात येते त्याच्याच जातभाईंवर विसाव्या शतकातले हे मोठे काम उभे आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी दार पाहिलेले नव्हते. ते असलेच पाहिजे असे गणित सांगत होते. एकेका दाराचा प्रवाह एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी १९७६ साली प्रत्यक्ष नोंदवला.

पहिले दार कोण उघडते, हा प्रश्न राहतो. तापलेल्या फरशीच्या बाबतीत त्वचेतल्या तंतूंच्या टोकांवर उष्णतेने उघडणारी वेगळी दारे असतात. त्यांतले एक सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते, आणि तेच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडते. ठेचा जिभेला ‘भाजतो’ तो अलंकार नव्हे. मेंदूला खरोखर भाजल्याचाच निरोप गेलेला असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे दार १९९७ साली शोधले आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. पुदिन्यातला मेंथॉल अशाच रीतीने थंडीचे दार उघडतो.

आवेग एक तर पूर्ण उठतो, नाही तर उठतच नाही. अर्धा आवेग असा प्रकार नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या फुलांच्या माळा ५० अशी नोंद असून त्यातले शून्य आजच्या शून्यासारखेच गोल कोरलेले आहे. चेतापेशीची लिपी अशीच शून्य आणि एक या दोनच अक्षरांची आहे, असे म्हणायला हरकत नाही. मग हलका स्पर्श आणि जोराचा चिमटा यांतला फरक मेंदूला कळतो कसा? आवेगांची उंची तीच राहते, गर्दी वाढते. चिमटा जोराचा, तसे सेकंदाला जाणारे आवेग जास्त. इंग्लंडचे एडगर एड्रियन यांनी १९२६ च्या सुमारास एकेका तंतूतले आवेग नोंदवून हे दाखवले. स्पर्श, उजेड, सूर असा भेदही आवेगात नसतो. तो कोणत्या वाटेने आला यावरून मेंदू अर्थ लावतो, म्हणूनच डोळ्यावर बुक्की बसली की काजवे चमकतात.

सोडियमचे दार हा निरोपाचा पहिला नाजूक टप्पा. दंतवैद्य लिग्नोकेनची सुई देतो तेव्हा हे दार आतून तात्पुरते बंद होते. दाढेतले आवेग उठत नाहीत आणि दुखणे मेंदूला कळत नाही. लाल विंचवाचे विष नेमके उलट करते. ते दाराचा अडसर पडू देत नाही. दार उघडे राहिल्याने एका आवेगाच्या जागी आवेगांची रांग लागते, शरीराच्या स्वयंचलित चेता बेभान होतात, ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो आणि शेवटी हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. कोकणात दंशाच्या जागेपेक्षा थंडगार पडलेले हातपाय आणि सुटलेला घाम यांचीच भीती असे, ते याचमुळे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून या लक्षणांचा क्रम नोंदवला आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. हे औषध विंचवाच्या विषाला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांवर ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये जिथे चिकटतात ती जागा ते अडवते. निरोप सुटलेला असतो, पण ऐकणारा कान झाकला जातो. मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्के असे. ते एक-दोन टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे काम छापून आले ते एका ग्रामीण दवाखान्यातून, मोठ्या प्रयोगशाळेतून नव्हे. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

वेग वाढवण्याचे दोन उपाय निसर्गाने शोधले. म्हाकुळाने तंतू जाड केला. पण माणसाला एवढे जाड तंतू परवडणारे नाहीत. मेरुरज्जू झाडाच्या खोडाएवढा करावा लागला असता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनी अक्षतंतूभोवती मेदाचे आवरण गुंडाळले. त्याला मायेलिन म्हणतात. हे आवरण सलग नसते. साधारण मिलिमीटरभर अंतरावर त्यात बारीक फटी असतात, आणि सोडियमची दारे त्या फटींतच दाटलेली असतात. फ्रान्सच्या लुई रांव्हिये यांनी या फटी १८७० च्या दशकात पाहिल्या, पण त्या कशासाठी हे १९३९ साली जपानच्या इचिजी तासाकी यांच्या प्रयोगांनी उलगडले. आवेग फटीफटीवरच नव्याने उठतो, मधले अंतर उडी मारून जातो. डाकेच्या चौक्यांची उपमा इथे तंतोतंत बसते.

हे आवरण हातापायांतल्या चेतांमध्ये ज्या पेशी गुंडाळतात, त्यांच्यावरच कुष्ठरोगाचा जंतू घाला घालतो. त्याला शरीरातल्या थंड जागा मानवतात, म्हणून कोपराशी, गुडघ्याच्या बाजूला, त्वचेजवळून जाणारे मज्जातंतू आधी सुजतात. कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू दोरीसारखा जाड हाताला लागणे, ही डॉक्टरांची जुनी खूण. बोटे कुष्ठरोगाने ‘झडतात’ असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. प्रत्यक्षात निरोप पोचत नाही, चुलीचा चटका कळत नाही, जखम दिसली तरी दुखत नाही, आणि न दुखणारी जखम माणूस जपत नाही. बोटे जातात ती त्यामुळे. अमरावतीचे तपोवन आणि १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ उभे केलेले आनंदवन इथल्या कामाचा मोठा भाग म्हणजे ज्यांना वेदना कळत नाही त्यांचे हातपाय वाचवणे हा होता. मधुमेहातही चेता मरतात, पण तिथे सर्वांत लांब तंतू आधी जातात, म्हणून बधिरपणा मोजे घातल्यासारखा पावलांपासून वर चढतो. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे मिलिमीटरभर. कोपरापासून बोटापर्यंत म्हणजे वर्ष धरावे.

अक्षतंतूच्या टोकाशी आवेग संपतो. पुढच्या पेशीपर्यंत एक फट असते, मिलिमीटरच्या काही लाखांशांची. या जागेला संपर्कस्थान म्हणतात. फटीतून वीज उडी मारते की एखादे रसायन ती ओलांडते, यावर शरीरशास्त्रज्ञांत अनेक दशके वाद चालला. १९२१ साली ग्राझ येथे ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाला जाणारी व्हेगस ही चेता चाळवून त्याचे ठोके मंद केले, त्या हृदयातले पाणी दुसऱ्या हृदयात घातले, आणि ज्याला कोणतीच चेता जोडलेली नव्हती ते हृदयही मंदावले. पाण्यातून आलेले ते द्रव्य ॲसिटिलकोलीन होते. हा प्रयोग स्वप्नात सुचला असे लोवी सांगत. याच व्हेगसची एक शाखा कंठातल्या स्वरतंतूंना चालवते. डावीकडची शाखा छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून परत वर येते, म्हणून ती उजवीपेक्षा बरीच लांब असते. तरी ग्वाल्हेर घराण्याच्या दाणेदार तानेत दोन्ही स्वरतंतू एकाच क्षणी मिटतात. ग्वाल्हेरातल्या हजिऱ्याला तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाऊन गळा तयार होतो अशी गायकांची श्रद्धा आहे. व्हेगसला बहुधा चिंचेपेक्षा रियाज कळतो.

मेंदूत आणि मेरुरज्जूत संपर्कस्थानांवरची भाषा मुख्यतः दोन शब्दांची आहे: ग्लुटामेट म्हणते ‘ऊठ’, तर गाबा आणि ग्लायसीन म्हणतात ‘थांब’. दोन्ही लागतात. धनुर्वाताचे विष मेरुरज्जूत शिरून ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशींची तोंडे बंद करते. उरते फक्त ‘ऊठ’, आणि जबड्यापासून पाठीपर्यंतचे स्नायू दगडासारखे आखडतात. लाखोळी डाळीतला विषारी अंश ग्लुटामेटची नक्कल करतो. दोन-तीन महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, तर पायांच्या हालचालींची सूत्रे असलेल्या चेतापेशी सततच्या चेतवण्याने मरतात, आणि माणूस गुडघ्यांत वाकून, चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालू लागतो. कायमचा. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातल्या दुष्काळानंतर खेड्यांत पसरलेला हा लंगडेपणा पाहून १८४४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवला, आणि दोष त्या डाळीला दिला. तेव्हा तो ग्वाल्हेर दरबारी रेसिडेंट होता. पुढे विदर्भापासून रेव्यापर्यंत या डाळीवर बंदी, सूट आणि पुन्हा वाद असे चालत राहिले. गरिबाला पडेल त्या पावसातही येणारे पीक हवे असते, आणि ही डाळ नेमकी तशी आहे.

चेता आणि स्नायू यांच्यामधले संपर्कस्थान सर्वांत नीट अभ्यासले गेले आहे. आवेग टोकाशी आला की कॅल्शियमची दारे उघडतात. त्या इशाऱ्याने सूक्ष्म पिशव्या फुटतात, आणि एकेका पिशवीतून ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू फटीत सांडतात. पिशव्यांचा हिशेब बर्नार्ड काट्झ यांनी लावला. पलीकडे स्नायूवरची कुलपे या चावीने उघडतात आणि स्नायू आखडतो. या एका फटीवर नाग आणि मण्यार दोघेही हल्ला करतात, पण दोन बाजूंनी. नागाचे विष स्नायूवरच्या कुलपात अडकून बसते. चावी जास्त केली की त्यातली काही कुलपे उघडतात, म्हणून प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन दिले तर पापणी वर येताना दिसते. मण्यारीचे विष चेतेचे टोकच उद्ध्वस्त करते. पिशव्या संपतात, टोक मरते, नवे उगवायला दिवस आणि आठवडे लागतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी तयार होणारे प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, झालेली मोडतोड नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश दुखत नाही, सकाळी पापण्या जड होतात आणि गिळता येत नाही. अशा रुग्णाला वाचवतो तो कृत्रिम श्वास. चेता पुन्हा बोलू लागेपर्यंत यंत्राने श्वास घेत राहणे, एवढेच करायचे असते.

चावी कुलपात राहिली तर दार उघडेच राहील. म्हणून फटीत एक विकर पहारा देते: ॲसिटिलकोलीनएस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो, त्यामुळे निरोप पोचल्यावर हजारांश सेकंदात फट पुन्हा रिकामी होते. निरोप देणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो पुसणे. फळ्यावरचे पुसले नाही तर पुढचे लिहायचे कुठे? हे पुसणे बंद पाडणारी रसायने माणसाने स्वतः घडवली. जर्मनीतले गेरहार्ड श्रेडर कीटकनाशके शोधत होते. १९३६ साली त्यांच्या हाती टाबुन लागले, दोन वर्षांनी सरीन. किडे मारायला ती नको इतकी चांगली होती, म्हणून ती सैन्याकडे गेली. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन सोडले गेले आणि हजारो माणसे आजारी पडली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, लाळ, घाम, अश्रू, फुप्फुसांत पाझर, मंद हृदय, स्नायूंची फडफड आणि मग त्यांचे थकून थांबणे, ही सारी लक्षणे न पुसलेल्या ॲसिटिलकोलीनची.

या फटीवर काम करणारी देशातली मुख्य सरकारी प्रयोगशाळा ग्वाल्हेरात, झाशी रोडवर आहे. १९४७ साली जीवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली, १९६६ मध्ये संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ पासून डीआरडीई या नावाने विषारी रसायने आणि जैविक घटकांपासून बचाव हे तिचे काम ठरले. हवेतल्या वा पृष्ठभागावरच्या विषाला रंग बदलून ओळखणारे कागद, पाणी तपासण्याचे संच, मांडीत कपड्यांवरूनच टोचता येणारी उताऱ्याची सुई ही तिची साधने. त्या सुईत दोन औषधे असतात. ॲट्रोपीन स्नायूवर नव्हे, ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिकांवरची कुलपे झाकते, त्यामुळे पाझर थांबतो आणि हृदय सावरते. प्रॅलिडॉक्सिम विकराला चिकटलेले विष ओढून काढते. मात्र वेळेत, कारण काही काळाने हा जोड पक्का होतो आणि मग कशानेच सुटत नाही. भारताने रासायनिक अस्त्रबंदीच्या करारानुसार घोषित केलेला सारा साठा २००९ पर्यंत नष्ट केला. ग्वाल्हेरच्या या शास्त्राचा उपयोग रणांगणावर व्हायची वेळ आलेली नाही, आणि तेच बरे.

ॲट्रोपीन धोतऱ्यात असते. वाटसरूला धोतऱ्याचे बी खाऊ घालून लुटणाऱ्या टोळ्यांबद्दलही स्लीमननेच लिहून ठेवले आहे. त्यांचे बळी कोरड्या तोंडाने, विस्फारलेल्या बाहुल्यांनी बरळत असत. कीटकनाशकाच्या विषबाधेचे अगदी उलटे चित्र. एकाच फटीवरची दोन टोकांची विषे एकमेकांवर उतारा ठरतात.

युद्धातले विष दूर राहिले. त्याचे चुलतभाऊ मात्र शेतात आले. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके याच विकराला पकडतात. भोपाळच्या कारखान्यात पूर्वी बनणारे कार्बारिल हे कीटकनाशकही तेच करते, फक्त त्याची पकड काही तासांत सुटते. १९८४ च्या डिसेंबरात तिथे सुटलेला वायू मात्र त्या कीटकनाशकाचा कच्चा माल होता, आणि त्याने चेतांपेक्षा फुप्फुसे आणि डोळे जाळले. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले आणि २३ मुले गेली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेले पीक, घामाने भिजलेले अंग, मिसळून मारलेली औषधे आणि तोंडाला फारतर रुमाल. त्यांतली काही रसायने ऑरगॅनोफॉस्फेट होती, काही वेगळ्याच जातीची, म्हणून एकच उतारा सगळ्यांना लागू पडणारा नव्हता.

उपचाराचा एक मोठा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका तालुक्याच्या गावात तपासला गेला. बारामतीच्या एका रुग्णालयात २०० रुग्णांना प्रॅलिडॉक्सिम दोन पद्धतींनी दिले. निम्म्यांना ठरावीक तासांनी एकेक मात्रा, निम्म्यांना सलग सलाइनमधून. सलग मिळालेल्यांत मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीनच वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीत या औषधाचा फायदा दिसला नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. प्रत्येक कीटकनाशकाचा जोड वेगळ्या गतीने पक्का होतो आणि रुग्ण वेगवेगळ्या वेळी पोचतो, हे त्यामागचे एक कारण. ॲट्रोपीनबद्दल मात्र दुमत नाही: फुप्फुसांतला पाझर आटेपर्यंत दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत राहायची.

विषाने पक्के जखडलेले विकर परत मिळत नाही. शरीराला नवे बनवावे लागते. लाल रक्तपेशींत हेच विकर असते आणि रक्ताच्या तपासणीत तेच मोजतात. लाल पेशी नवे प्रथिन घडवू शकत नाहीत, त्यामुळे जुन्या जाऊन नव्या पेशी येतील तसे ते भरून येते, रोज सुमारे एक टक्का. जुलैत फवारणीने अंथरुणाला खिळलेल्या मजुराच्या रक्तातला हा आकडा दिवाळीपर्यंतही पूर्ववत झालेला नसू शकतो.